तीन भिंतींचा गोठा

आमच्या नव्या गोठ्याला तीनच भिंती आहेत, आणि चौथी का नाही हे माझ्या सासऱ्यांना अजून पटलेलं नाही. दक्षिणेची बाजू सगळी उघडी. बाकी तीन बाजूंच्या फळ्यासुद्धा मुद्दाम बोटभर फटी सोडून ठोकलेल्या, हवा खेळती राहावी म्हणून. आत पेंढ्याचा जाड बिछाना. दावं नाही, साखळी नाही. गाई मोकळ्या आणि वासरं आयांजवळ. सुतार हत्यारं आवरून गेला त्या दिवशी सासरे, जाखेनबाबा, गोठ्याभोवती एक चक्कर मारून आले, टोपी मागे सारली आणि म्हणाले,

"छान झालंय. आता गोठा कधी बांधायला घेताय?"

मी खालच्या खोऱ्यातली, गवंड्याची मुलगी. त्यामुळे पुढचा टोमणा मला ठाऊकच होता, आणि तो आलाच.

"गवंड्याची पोर, आणि भिंत विसरली."

जुना गोठा घराला लागूनच, गवताच्या माळ्याखाली. छत इतकं खाली की माझा नवरा लुरेन मान वाकवल्याशिवाय आत शिरू शकत नाही. दोन वितींची खिडकी, दार बंद, गाई रांगेत साखळीला बांधलेल्या. भर हिवाळ्यात आत गेलं की चष्म्यावर वाफ धरायची. आमच्या गावात गोठ्याची पारख त्यावरूनच होते. ज्याच्या गोठ्यात अंगातला कोट काढावासा वाटतो, तो चांगला शेतकरी. थंडीच्या दिवसांत म्हातारी माणसं शेजाऱ्याच्या गोठ्यात जाऊन बसायची, गाईंच्या उबेला. बाबांचं सगळं आयुष्य त्या उबेत गेलं.

पण तो गोठा आता चालणार नव्हता. आम्ही दूध केव्हाच सोडलं. आता वासरं आईचं दूध पिऊन, तिच्याबरोबर हिंडून वाढतात आणि दहा महिन्यांची झाली की खाटकाकडे जातात. गिऱ्हाइकाला तसंच मांस हवंय; साखळीतल्या गाईची वासरं कोणी विचारत नाही. शिवाय हिवाळाभर लुरेन वरच्या डोंगरावर, बर्फावर घसरायला आलेल्या पाहुण्यांना वर नेणाऱ्या लिफ्टवर कामाला असतो. म्हणजे शेणाच्या ढकलगाड्या रेटायला उरतो कोण? मी आणि बाबा. नवा गोठा मीच लावून धरला होता. त्यात काही बिघडलं असतं तर बोट माझ्याकडेच वळणार होतं.

थंडी पडायला लागली तशी एक दिवस मी पेंढा टाकायला गेले, तर उत्तरेच्या भिंतीतल्या सगळ्या फटींत गोण्या कोंबलेल्या. एकेक गोणी नीट घडी घालून, काठीने ठोसून बसवलेली. बाबा शेजारी उभे राहून आपलं काम न्याहाळत होते.

"हे काय, बाबा?"

"वारा येतोय."

"यायलाच हवा."

"मग गाई बाहेरच उभ्या करायच्या होत्या. एवढं लाकूड कशाला नासलं?"

"अहो, गाईला थंडीचं काही वाटत नाही. ओल वाटते. आतली वाफ बाहेर गेली पाहिजे."

"वाफ बाहेर घालवायची," बाबा गाईंकडे बघत म्हणाले, जणू त्यांनाच विचारत होते. "घरातली ऊब कोणी पैसे देऊन बाहेर घालवतं का गं?"

मी गोण्या उपसायला लागले. ते अडवायला आले नाहीत आणि हात लावायलाही आले नाहीत. शेवटची गोणी निघाल्यावर म्हणाले, "माझं काय. गाई तुझ्या." आणि त्या गोण्या उचलून, झटकून, जुन्या गोठ्यात नेऊन ठेवल्या. मला वाटलं, मिटलं.

कुठलं मिटायला. गावात पाण्याच्या हौदापाशी बाक आहे, तिथे म्हातारे ऊन खात बसतात. त्यांतला विगेली म्हणजे तोंडाला कुलूप नसलेला माणूस. मी पाव घेऊन येत होते, बाबा बाकावर होते, आणि विगेली सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होता,

"जाखेन, तुझ्या गाईंचं सामान अजून बाहेरच पडलंय का रे? घर कधी मिळणार त्यांना?"

"मिळालंय की."

"ते होय? मला वाटलं कोंबड्यांचं खुराडं मोठं केलंय."

बाकावरचे सगळे हसले. बाबाही हसले, पण लगेच उठले आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन चालू लागले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. विगेलीला चार शब्द सुनवायचे सोडून हा माणूस घरी येऊन माझ्यावर धुमसणार, हे मला दिसत होतं.

मग बर्फ सुरू झाला. गाई उघड्या बाजूला गव्हाणीशी उभ्या राहून रवंथ करायच्या आणि त्यांच्या राखाडी पाठींवर बर्फाचा थर साठायचा. आत कोरडा पेंढा पसरलेला, पण या बायांना बाहेर तोंड काढूनच उभं राहायचं. लुरेन संध्याकाळी कामावरून यायचा तो कान पांढरेफटक आणि बोटं आखडलेली घेऊन. बूट काढून पाय गरम पाण्यात सोडायचा आणि खिडकीतून गोठ्याकडे बघत बसायचा.

"आज वर काय वारा होता," तो म्हणायचा.

"आमच्या गाईंना विचार," बाबा म्हणायचे.

मग मी काहीतरी बोलायची, बाबा काहीतरी बोलायचे, आणि लुरेन जवाचं सूप प्यायचा. माझा नवरा भांडणात पडत नाही. दोघांचं ऐकतो, दोघांनाही मान डोलावतो. लग्नाआधी मला वाटायचं, किती समंजस माणूस आहे.

नाताळच्या तोंडावर गोठ्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर फटी बुजवणाऱ्या पट्ट्या दिसल्या. बाहेरून, सरळ रेषेत, एकसारख्या खिळ्यांनी ठोकलेल्या. माझं डोकंच फिरलं. मी पहार घेतली, बाबांना हाक मारून आणलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पट्ट्या उचकटायला लागले.

"तुम्हाला एकदा सांगितलेलं कळत नाही का? किती वेळा तेच तेच बोलायचं मी? लहान आहात का?"

बाबांनी पडलेली एक पट्टी उचलली. खिळ्यावरून अंगठा फिरवला.

"खिळे मात्र चांगले ठोकलेत," ते म्हणाले.

त्या निर्लज्जपणाला काय म्हणावं ते मला सुचेना. मी पट्ट्या सरपणात टाकल्या आणि दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी मात्र दुपारी बटाट्याचा चुरा लोण्यात खरपूस भाजून, सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर माझ्यापुढे आणून ठेवला. मी तो खाल्ला. राग आणि भूक यांचं माझ्यात कधीच जमलं नाही.

पुढच्या महिन्यात मोठं वादळ आलं आणि त्यातच मला ताप भरला. उठून उभं राहिलं की घर फिरायचं. गोठ्याचं सगळं बाबा आणि लुरेन बघत होते. वर लिफ्ट बंद, म्हणून लुरेन घरीच होता. मी खोलीतून विचारायची, "गाई बऱ्या आहेत ना?" लुरेन म्हणायचा, "मजेत आहेत. तू झोप." मी झोपायची.

बरी होऊन पहिल्यांदा बाहेर पडले, तेव्हा वादळ सरलं होतं आणि ऊन इतकं लख्ख होतं की डोळे उघडवेनात. आणि माझ्या गोठ्याला चौथी भिंत आली होती. गवताचे गठ्ठे गुंडाळायचा पांढरा प्लॅस्टिकचा कागद, दुहेरी, लाकडी चौकटीवर ताणून बसवलेला. तिन्ही भिंतींच्या फटीसुद्धा बंद. मी कागदाचं टोक वर करून आत शिरले आणि मुताच्या उग्र वासाने डोळ्यांतून पाणीच आलं. छतावरून थेंब गळत होते. गाईंची अंगं ओली, पेंढा चिखलासारखा. आणि वासरं खोकत होती, एकामागून एक, म्हाताऱ्या माणसांसारखी.

मी सुरी काढून तो कागद वरपासून खालपर्यंत फाडला.

गुरांची डॉक्टरीणबाई उर्सिना दुपारी आली. आत पाऊल टाकल्याबरोबर रुमाल नाकाला लावला. एकेका वासराच्या छातीला नळी लावून ऐकत गेली, सुया टोचत गेली. ब्रिना गाईच्या वासरापाशी बराच वेळ थांबली. ते पडून होतं, नाकपुड्या फेंदारलेल्या, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

"बाकीची निघतील," ती म्हणाली. "याचं बघू. पण ऑना, तुझ्यासारखीने गोठ्याचं असं केलंस?"

तुझ्यासारखीने. फाटलेल्या कागदाशी बाबा उभे होते, टोपी हातात घेऊन. लुरेन बाहेर बर्फ उपसत होता, गरज नव्हती तिथला.

ब्रिनाचं वासरू दुसऱ्या दिवशी गेलं. ओढून नेताना ब्रिना मागे मागे आली, फाटकापर्यंत. तिथे उभी राहून हंबरत राहिली. वासरू शेवटी खाटकाकडेच जायचं होतं, हे मला कळतं. पण ते उन्हाळाभर कुरणात हुंदडून मग जायचं होतं. असं गुदमरून नव्हे.

बाबा पेंढ्याचा काटा घेऊन आत येत होते. मी आडवी गेले.

"ठेवा तो काटा," मी म्हटलं. "या गोठ्यात पुन्हा पाय ठेवू नका. तुमच्या उबेने एक मेलं, पुरे झालं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, बर्फाच्या ढिगाशी उभ्या असलेल्या लुरेनकडे पाहिलं. काटा भिंतीला टेकवला.

"बरं," म्हणाले आणि घराकडे गेले.

लुरेनला मी जेवताना झापलं. "वडिलांना अडवता आलं नाही तुला? मी अंथरुणात, आणि तू काय करत होतास?" तो म्हणाला, "जाऊ दे ना, ऑना. झालं ते झालं." बाबा ताटावरून उठून गेले.

त्यानंतर बाबा खरोखरच गोठ्याकडे फिरकले नाहीत. सकाळी बाकावर जायचे, दुपारी चुलीशी बसून उकडलेले बटाटे सोलायचे. सगळं काम माझ्यावर पडलं आणि मी ते दात-ओठ खात केलं. मी बरोबर होते ना? मग मला बरं का वाटत नव्हतं, याचाही मला राग येत होता.

लुरेनच्या सुट्टीचा दिवस होता. मी खाली बाजाराला गेले आणि बस लवकर मिळाली म्हणून लवकर परत आले. चढावरूनच ठकठक ऐकू आली. गोठ्याच्या उत्तरेच्या भिंतीला शिडी, शिडीवर लुरेन, तोंडात खिळे, हातात हातोडी. तो फटीवर पट्टी ठोकत होता. सरळ रेषेत.

मी शिडीखाली जाऊन उभी राहिले.

"तू?"

त्याने तोंडातले खिळे काढून खिशात टाकले. "फक्त वरच्या दोन फटी, ऑना. वासरं आत्ताच आजारातून उठलीत म्हणून म्हटलं."

"आणि नाताळच्या आधीच्या पट्ट्या?"

तो हातोडी कमरेला खोचायला लागला.

"तो कागद?"

"बाबांनी चौकट धरली होती," तो म्हणाला. "मी सांगितलं म्हणून धरली. आणि गोण्या त्यांनीच घातल्या होत्या, ते खरंय ना?"

"खाली उतर."

"अगं, मी दिवसभर त्या वाऱ्यात उभा असतो. थंडी म्हणजे काय ते मला माहीत आहे. घरी येऊन बघतो तर त्यांच्या पाठीवर बर्फ. मला बघवत नाही."

"तू गाय आहेस का?"

"नाही."

"मग तुझी थंडी त्यांना कशाला चिकटवतोस? टोपी घाल. दोन मोजे घाल. माझ्या गोठ्याला कशाला गुंडाळतोस? आणि म्हाताऱ्याला मी तोंडावर नाही नाही ते बोलले, तेव्हा तू बर्फ उपसत होतास?"

तो शिडीच्या दोन पायऱ्या उतरला. म्हणाला, "मी सांगणारच होतो." हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आलेय.

मी तशीच घरात गेले. बाबा बटाटे सोलत होते.

"का नाही बोललात?"

कोणाबद्दल विचारतेय हे त्यांना लगेच कळलं. ठकठक त्यांनीही ऐकली असणार.

"तू विचारलंस कुठं? आलीस ती बोलतच आलीस."

"मग मला थांबवायचं होतं."

"आणि काय सांगायचं? माझ्या पोराने केलं म्हणून? तुझाच नवरा आहे तो. तुला त्याच्याबरोबर राहायचंय." त्यांनी सालं गोळा केली. "शिवाय गोण्या माझ्याच होत्या. मला वाटलंच होतं, बंद केलेलं बरं म्हणून. वासरू माझंही मेलं."

"चला गोठ्यात."

"नाही."

"अहो, का?"

"पाय ठेवू नका म्हणालीस."

"ते रागात म्हटलं."

"रागात म्हटलंस की हसत म्हटलंस, म्हटलंस."

या घराण्यात एकाला बोलता येत नाही आणि दुसऱ्याला ऐकलेलं सोडता येत नाही. मी दोघांच्या मध्ये सापडले होते. दार आपटून निघून आले.

दुसऱ्या दिवसापासून बाबांनी नवीनच काढलं. गव्हाण उघड्या बाजूला आहे, तिला गवत बाहेरूनच टाकतात. तर हे आपले बाहेर उभे राहून गवत टाकू लागले. आत एक पाऊल नाही. बाहेरूनच एकेकीचं कपाळ खाजवायचे, बाहेरूनच वासरांचं नाक पुसायचे, आणि बाहेरूनच मला सांगायचे, "तो कोपरा ओला आहे. पेंढा टाक." मी म्हणायची, "तुम्हीच या की टाकायला." ते ऐकू न आल्यासारखं करायचे.

आमची नायरा गाय पहिलटकरीण होती. एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. वासराचे पुढचे पाय दिसत होते, आणि तिथेच अडलं. उर्सिनाला फोन केला. ती पलीकडच्या खोऱ्यात होती, यायला वेळ लागणार होता. लुरेन डोंगरावर. मी पेंढ्यावर गुडघे टेकून, कोपरापर्यंत हात घालून वासराचं डोकं चाचपत होते. नायरा कण्हत होती. गव्हाणीबाहेर बाबा काट्यावर हनुवटी टेकवून उभे.

"बाबा, या ना."

"इथंच आहे मी."

"आत या. मला एकटीला ओढवत नाही."

"आत? म्हणजे पाय ठेवू?"

माझा हात बधिर होत होता. त्या क्षणी मला त्या माणसाला त्याच काट्याने टोचावंसं वाटलं.

"ठेवा. पाय ठेवा. दोन्ही ठेवा. मी चुकीचं बोलले, तुमचा काही दोष नव्हता, होता तो निम्मा होता, आता या."

बाबा गव्हाणीवरून चढून आत आले. त्या वयाला ते इतक्या चटकन चढतील असं मला वाटलं नव्हतं. कोट टाकला, बाह्या सारल्या, दोरी वासराच्या पायांना बांधली आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

"ती जोर करेल तेव्हाच ओढ. ती थांबली की थांब. तुझी घाई इथं चालायची नाही."

आम्ही ओढलं, थांबलो, ओढलं. माझे पाय पेंढ्यात घसरत होते, बाबांच्या मानेवरच्या शिरा फुगल्या होत्या. मग एकदम सगळं सैल झालं आणि आम्ही दोघं वासरासकट मागे कोसळलो. कालवड होती. बाबांनी तिच्या नाकातला चिकटा बोटांनी काढला, पेंढ्याची काडी नाकपुडीत घातली. ती शिंकली.

ओल्या अंगातून वाफा निघत होत्या. बाहेर बर्फ, वारा आत येत होता, आणि ती थरथरत होती. आणि मी, जिने हा गोठा बांधला, जिने सगळ्यांशी भांडण मांडलं, तीच मी म्हणाले,

"जुन्या गोठ्यात नेऊ या का हिला? गरम राहील."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तोंड लपवावंसं वाटलं.

"आई आहे ना तिची? चाटू दे तिला. उगाच काहीतरी."

नायरा उठली आणि चाटू लागली. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. उर्सिना पोचली तेव्हा कालवड उभी राहून आचळ शोधत होती.

मला वाटलं, आता तरी संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाबा काटा घेऊन पुन्हा गव्हाणीबाहेर.

"काल आलात ना आत?"

"काल म्हणालीस."

"बरं. या आत."

आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर. मी म्हटलं, ते आले. चौथ्या दिवशीही तेच. लुरेनने पट्ट्या काढल्या, बापाची माफी मात्र मागितली नाही. बापानेही त्याला कधी काही विचारलं नाही. दोघं एकमेकांना मीठ देतात, पाव देतात, हवापाण्याचं बोलतात. आणि मी मात्र रोज सकाळी या म्हाताऱ्याला आमंत्रण द्यायचं. लुरेन म्हणतो, "दुर्लक्ष कर. थकतील आणि येतील आपोआप."

एकदा मी तेही करून पाहिलं. काही बोललेच नाही. शेण ओढलं, पेंढा पसरला, पाण्याचा हौद घासला. बर्फ पडत होता. बाबांच्या टोपीवर, खांद्यांवर साठत होता. गवत टाकून झालं तरी ते तिथेच उभे, काट्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून, माझ्याकडे न बघता. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. शेवटी माझंच काम संपलं.

"मी हे रोज म्हणायचं का, बाबा?" मी वैतागून विचारलं. "ते एकदाच तर बोलले होते मी."

"तू एकदाच बोललीस," ते म्हणाले. "मला रोज ऐकू येतं."

मी हातातलं खोरं भिंतीला लावलं. गव्हाणीपाशी गेले आणि त्यांच्या खांद्यावरचा बर्फ झटकला.

"आत या," मी म्हटलं.